पोटपट्टा

त्या देशाचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तोंड विटाळेल, असं माझ्या सासूबाई म्हणाल्या असत्या आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं असतं. थंड देश आहे, श्रीमंत आहे, माणसं कमी आहेत आणि जमिनीखालच्या सांडपाण्याच्या वाहिन्या पार सडल्यात, एवढं पुरे. ती घाण निस्तरायला त्यांना माणसं हवी होती. मी सांडपाणी शुद्धीकरणातली इंजिनिअर. मैला, गाळ, कुजका वास यांच्यात माझी उमेदीची वर्षं गेली. डबा खाता खाता मी गाळाच्या टाकीबद्दल बोलू शकते, आणि समोरच्याचा घास अडकला तर मला त्याचं हसू येतं.

"शिकून शिकून शेवटी तेच काम," असं सासूबाई, म्हणजे आमच्या आई, एकदा फोनवर त्यांच्या बहिणीला म्हणाल्या होत्या. मला ऐकू जाईल अशा बेतानं. माझं माहेरचं आडनाव बनसोडे. आमच्या सांगलीत एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. करंदीकरांच्या श्रीरंगनं माझ्याशी लग्न केलं तेव्हा आईंनी आकांडतांडव वगैरे काही केलं नाही. त्यांनी फक्त आपलं तांब्या-भांडं वेगळं केलं, सकाळचा स्वयंपाक सोवळ्यात करायला लागल्या आणि "मी कुणाचंच उष्टं घेत नाही गं, माझी सवयच आहे तशी," असं गोड आवाजात सांगितलं. कुणाचंच. हा शब्द लक्षात ठेवा.

तर नोकरी मला मिळाली. माझ्याबरोबर नवरा, नऊ वर्षांची इरा आणि सासूबाई अशा तिघांना प्रवेश हवा होता. आईंना मागं ठेवणं शक्य नव्हतं. डोळ्यांनी त्यांना कमी दिसायला लागलं होतं, दोनदा गॅस तसाच चालू राहिला होता, आणि मिरजेच्या वृद्धनिवासाचं नाव काढलं की त्या जेवण सोडायच्या. शिवाय इरा. इरा आजीच्या कुशीत झोपणारी. आजी नाही तर मीही येणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं.

आता तो नियम सांगते. ऐकूनच शिसारी येते, पण सांगायलाच हवा.

पूर्वी कुटुंब सिद्ध करायला कागद लागत. कागद खोटे निघायला लागले, म्हणून रक्त आलं. पण रक्त नवरा-बायकोचं जुळत नाही, दत्तक मुलाचं जुळत नाही, सासू-सुनेचं तर प्रश्नच नाही. मग कुणा दीडशहाण्या शास्त्रज्ञाच्या डोक्यात किळस आली. किळस ही निसर्गानं दिलेली राखण आहे. परक्याची थुंकी, परक्याचा घाम यांत आजार असू शकतो, म्हणून शरीर मागं सरतं. आपल्या माणसाच्या बाबतीत मात्र ही राखण ढिली पडते. आई आपल्या बाळाचा शेंबूड बोटानं पुसते आणि तोच हात पदराला लावते. शेजारच्या बाळाचा बघून तिला कसंसं होतं.

चेहऱ्यावरची किळस लपवता येते. पोटातली येत नाही. जठराची स्वतःची एक संथ लय असते. मिनिटाला साधारण तीन लाटा, आपल्या नकळत, झोपेतसुद्धा. किळस आली की पहिल्यांदा ही लय मोडते. ओकारी यायच्या कितीतरी आधी, माणसाला स्वतःला कळायच्याही आधी. पोटावरून एक पट्टा बांधला की कातडीवरूनच या लाटा मोजता येतात. त्यावर त्या देशानं आपली आप्तता चाचणी उभी केली. मुख्य अर्जदारानं अर्धा पेला पाणी ओठ लावून प्यायचं आणि उरलेलं सोबतच्या माणसानं. मग उलट. दोघांची लय शाबूत राहिली तर तुम्ही कुटुंब. मोडली तर परके. आपल्याकडे लोक त्याला सरळ पोटपट्टा म्हणायला लागले.

"शास्त्रीय आहे, भेदभाव नाही," असं त्यांच्या संकेतस्थळावर लिहिलं होतं. माझ्या पोटात पहिल्यांदा ढवळलं ते हे वाचून.

पुण्याच्या केंद्रावर आम्ही चौघं गेलो. पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास, आणि तिथली सहायक बाई अगदी दंतवैद्याकडे असावी तशी हसरी. श्रीरंग पास झाला. इरा पास झाली. तिनं तर माझा पेला संपवून "अजून आहे का?" विचारलं. मग आईंची पाळी आली. आधी यंत्र त्यांच्या पोटाशी जुळवून घ्यायचं म्हणून बाईनं त्यांना मुलाचा उष्टा पेला दिला, मग नातीचा. त्यानंतर माझा.

आईंनी तो पेला घेतला, मान मागं टाकली आणि वरून धार धरली. आपल्याकडच्या सगळ्या बायका देवळाच्या नळावर पितात तशी.

"आजी, असं नाही. ओठ लावून," बाई म्हणाली.

"मी ओठ लावून पीत नाही."

"आत्ता दोन पेले ओठ लावूनच प्यायलात की!"

मग आईंनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तो तिथं टेकायच्या आधीच माझ्या समोरच्या पडद्यावरची त्यांच्या पोटाची रेघ फाटली. निकाल फक्त मुख्य अर्जदाराला दिसतो. मुलाचा पेला, रेघ संथ. नातीचा पेला, रेघ संथ. सुनेचा पेला, लाल. उलट बाजू घ्यायची गरजच उरली नाही.

कुणाचंच नाही म्हणे! सोळा वर्षं मी स्वतःला समजावत होते की हे म्हातारपणाचं सोवळं आहे, सगळ्यांनाच लागू आहे, मनाला लावून घ्यायचं नाही. आता ते मिनिटाला तीन लाटांनी मोजून माझ्यासमोर ठेवलं होतं.

गाडीत आई म्हणाल्या, "यंत्र बिघडलं असेल."

"हो, असेल," श्रीरंग म्हणाला. तो नेहमी दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा असतो.

मला त्या दोघांचीही किळस आली होती.

चाचणी एकदा पुन्हा देता येत होती. एकदाच. ती हुकली की त्या माणसाचं नाव कायमचं कटलं. मग आम्ही पोटपट्ट्याची तयारी करून घेणाऱ्या पायगुडे नावाच्या सल्लागाराकडे गेलो. केसांना तेल, बोटात पाच अंगठ्या आणि जिभेवर साखर. "मॅडम, नऊवारीतल्या आज्या काढल्यात मी पलीकडे," तो म्हणाला आणि त्यानं आम्हाला आपला वर्ग दाखवला.

तो वर्ग मी मरेपर्यंत विसरणार नाही. मंगल कार्यालयाचा हॉल. सतरंज्यांवर कुटुंबं बसलेली, प्रत्येकाच्या पोटाला पट्टा. एक मुलगी माइकवर सूचना देत होती आणि माणसं एकमेकांच्या तोंडातला चमचा चाटत होती. एक सासरा सुनेनं चावलेलं केळं तोंडात घेऊन बसला होता. त्याला गिळवत नव्हतं, तिला बघवत नव्हतं, आणि नवरा मागून "बाबा, गिळा! शाबास!" म्हणून टाळ्या वाजवत होता. कोपऱ्यात बादल्या ठेवल्या होत्या. त्या कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. मी उघड्या गटारात उतरलेली बाई, पण त्या हॉलच्या दारातून मी मागं फिरले. गटाराला निदान आपण गटार असल्याचं माहीत असतं.

"आम्ही घरीच करू," मी म्हणाले. पायगुडेनं सरावाचा एक पट्टा भाड्यानं दिला.

घरी रोज सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसायचो. आईंच्या पोटाला पट्टा, मध्ये पेला, आणि माझ्या फोनवर त्यांची रेघ. मी अर्धा प्यायचे आणि पेला पुढं सरकवायचे. पहिला आठवडा नुसता तमाशा होता. त्या पेला उचलायच्या, डोळे मिटायच्या, खाली ठेवायच्या. एकदा प्यायल्या आणि मोरीकडे धावल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं. प्या म्हटलं. सोळा वर्षांचं सगळं एकदम प्या.

"मी मुद्दाम करत नाही गं," मोरीतून परत येत त्या म्हणाल्या. पदरानं तोंड पुसत होत्या. "मनात काही नसतं माझ्या. पोटच ऐकत नाही."

"पोटाला कुणी शिकवलं, आई?"

"ज्यांनी मला शिकवलं, त्यांनीच," त्या म्हणाल्या आणि पट्टा सोडायला लागल्या.

उत्तर शेवटी त्यांनाच सापडलं. त्या लहानपणी फार अशक्त होत्या. डॉक्टरनं माशाचं तेल दिलं होतं. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि मुलीच्या घशात माशाचं तेल! पण त्यांच्या आजीनंच नाक दाबून ते पाजलं. का, तर औषधाला विटाळ नसतो.

"अगं, हे औषधच की!" एका सकाळी त्या एकदम म्हणाल्या. उठल्या, पेल्यात तुळशीचं पान टाकलं, काहीतरी पुटपुटल्या आणि घटाघटा प्यायल्या. रेघ थोडी हलली, पण फाटली नाही.

तिथून पुढं रोज सुधारणा. पान टाकायचं, "औषध, औषध" म्हणायचं, प्यायचं. महिन्याभरात रेघ संथ झाली. इरा टाळ्या वाजवायची. श्रीरंगचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, "बघ, आई किती प्रयत्न करतेय तुझ्यासाठी."

माझ्यासाठी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस म्हणून मी त्या बाईच्या घशाखाली उतरले नव्हते. काढा म्हणून उतरत होते. एरंडेल जसं डोळे मिटून घेतात तशी ती मला घेत होती, आणि वर सगळ्यांनी तिचं कौतुक करायचं. मी रोज बघत होते. कवळी आधी वाटीत काढून ठेवायची. मग ते बोळकं तोंड पेल्याच्या काठाला लागायचं, सुरकुतलेला गळा वरखाली व्हायचा, शेवटच्या घोटाचा सुर्र असा आवाज यायचा, ओठावर तुळशीचा तुकडा चिकटून राहायचा. मग मी खिडकीबाहेर बघायला लागले. राग यायचा म्हणून.

"तूही एकदा पट्टा बांधून बघ," श्रीरंग एका रविवारी म्हणाला. "उलट बाजूही असते ना."

"मी?" मी हसले. "अरे, मी मैल्यात हात घालते. मला कशाचीही किळस येत नाही."

तो विषय तिथंच संपला.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी आई ठेवणीतली मोतिया रंगाची साडी नेसल्या. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या डबीत तुळशीची पानं. "पान टाकायचं नाही हं, आजी," केंद्रातल्या त्याच हसऱ्या बाईनं सांगितलं. आईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी डबी नुसती मुठीत धरली.

मी अर्धा पेला प्यायले. आईंनी उरलेला ओठांना लावला. मी पडद्याकडे बघत होते. रेघ संथ. संथ. पेला रिकामा झाला तरी संथ. रिकामा पेला बघून काचेपलीकडे इरा नाचायला लागली. आई माझ्याकडे बघून लहान मुलीसारख्या हसल्या. त्या हसण्यात मला कुठंही औषध दिसलं नाही, हे आता कबूल करायला हवं.

"आता उलट," बाई म्हणाली.

पट्टा माझ्याही पोटाला होताच. आईंनी नव्या पेल्यातलं अर्धं पाणी पिऊन पेला माझ्यापुढं सरकवला. काठावर त्यांच्या ओठांचा ओला ठसा होता. मी पेला उचलला. मनात एकच विचार होता, झालं, सुटलो. तेवढ्यात पडद्यावर माझी रेघ फाटली.

मला आधी वाटलं त्यांचीच आहे. मग नाव वाचलं. मी पेला संपवला, सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत, जणू पिऊन टाकला की ती रेघ सरळ होणार होती. ती नुसती लालच नाही, पार खाली-वर उसळत होती. आईंची पहिल्या चाचणीतली रेघसुद्धा इतकी वाईट नव्हती. मैल्यानं जे कधी केलं नव्हतं, ते सत्त्याहत्तर वर्षांच्या एका बाईच्या थुंकीनं केलं होतं. घाबरून मी पोटावर हात दाबला. पोट काही ऐकेना.

सहायक बाई बाजूला घेऊन हळू आवाजात बोलली. हसू तसंच. "तुम्ही तिघं जाऊ शकता, मॅडम. फक्त इथं अंगठा ठेवायचा."

पडद्यावर एक ओळ होती. सदर व्यक्ती माझ्या कुटुंबातली नाही, हे मला मान्य आहे.

"हे माझ्याकडून कशाला?" मी विचारलं. "तुमच्या यंत्रानं ठरवलंय ना?"

"नियम आहे. उद्या आम्ही कुटुंब तोडलं असं कुणी म्हणायला नको."

काय स्वच्छ माणसं! माझ्या पोटात हात घालायचा, सोळा वर्षांचा गाळ ढवळून वर काढायचा आणि मग हात पुसायला माझाच अंगठा मागायचा. यांच्या शहराखालची घाण उपसायला मी चालते. त्यांची दारं उघडायची तर आपली माणसं आपल्याच तोंडानं नाकारायची. मी आजवर खूप गाळ बघितलाय. एवढा घाण वास कशालाच आला नव्हता.

आणि खरं सांगू? दुसरी कुठली ओळ असती तर मी कदाचित अंगठा ठेवलाही असता. पण ही ओळ खोटी होती. किळस खरी होती, ओळ खोटी होती. परक्या बाईची एवढी किळस मला कधीच आली नसती. परक्या बाईचं मला काय पडलंय? सोळा वर्षं एका छपराखाली राहून, एकाच पोरीचा ताप दोघींनी रात्र रात्र उतरवून मग जी येते, ती ही किळस होती. हे त्या शास्त्रज्ञाच्या पट्ट्याला कुठून कळणार!

"नाही ठेवत," मी म्हणाले.

"मग कुणालाच जाता येणार नाही. तुमची नोकरीसुद्धा..."

"कळलं."

मी पट्टा सोडला आणि तिच्या टेबलावर ठेवला. बाहेर आले तेव्हा तिघंही उभी होती. श्रीरंगनं माझा चेहरा बघितला आणि खाली बसला.

परतीच्या वाटेवर शिरवळच्या पुढं गाडी चार्जिंगला थांबली. शेजारी चहाची टपरी होती. श्रीरंग इराला घेऊन मोकळं व्हायला गेला. बाकावर आम्ही दोघीच उरलो. आई मुठीतली डबी उघडत होत्या, मिटत होत्या.

"माझ्यामुळे बुडाली ना गं नोकरी," त्या म्हणाल्या. "मी औषध औषध म्हणत होते मनात. शेवटी पान नव्हतं ना. माझंच मेलं पोट..."

हो म्हणणं सोपं होतं. निकाल फक्त मी बघितला होता. जन्मभर त्या बिचाऱ्या माझ्यापुढं मान खाली घालून राहिल्या असत्या.

"तुमचं पोट शांत होतं, आई," मी म्हणाले. "माझं ढवळलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. डबी मिटायची राहून गेली. कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला वाटलं की आता रडतील, नाहीतर बोलतील काहीतरी लागेल असं.

"तुला माझी किळस येते?"

"येते."

"बरीच?"

"तुम्हाला माझी आली होती, त्याहून जास्त."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. रडतायत म्हणून मी वाकून बघितलं, तर त्या हसत होत्या. "म्हणजे फिट्टंफाट झाली म्हणायची आपली!"

मला हसू आलं नाही. तोंडात अजून त्या पाण्याची चव होती.

चहावाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. आईंनी एक परत पाठवला. उरलेला उचलला, वरून धार न धरता सरळ ओठ लावले आणि फुंकत, सावकाश, त्या नेहमीच्या सुर्र आवाजात निम्मा चहा प्यायल्या. मग पदरानं तोंड टिपलं आणि ग्लास बाकावरून माझ्याकडे सरकवला. काठाला साय चिकटली होती.

"घे."

"आता कशाला, आई? आता चाचणी नाही काही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. त्यांनी डबीतलं एक पान काढलं आणि माझ्या चहात टाकलं. "औषध समज."

मी ग्लास उचलला. पोटात ढवळलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ढवळलं, आणि ते त्यांना दिसत होतं. मी डोळे मिटले आणि घोट घेतला.

"उद्या सकाळी परत," आई म्हणाल्या.